पुढच्याचे बुडबुडे

इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या आमच्या घरात गॅरेजमध्ये गाडी कधी उभी राहिलीच नाही. तिथे पाण्याखाली घालायचे दोन काळे वेटसूट टांगलेले असत, आणि रबर व समुद्र मिळून होणारा एक वास असे. नवरा गेल्यावर आवराआवरीला आलेल्या मैत्रिणीने नाकाला पदर लावून विचारलं, "याचं काय करायचं गं?" मी म्हटलं, "माझा राहू दे. त्याचा लेकाला होतोय का बघू."

झाला नाही. लेक बापापेक्षा बराच उंच आहे.

आम्ही दोघं स्कूबा डायव्हिंग शिकलो ते पन्नाशी जवळ आल्यावर. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात, तो कान-नाक-घशाचा डॉक्टर. शिकलो ते पाण्याने भरलेल्या एका जुन्या दगडखाणीत. तळाशी एक बस बुडवून ठेवली होती आणि पाणी इतकं गार की ओठ आपले वाटत नसत. पहिल्याच महिन्यात मी त्या बसच्या ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले आणि मला कळलं, हे आपल्याला येतं. आयुष्यात फार थोड्या गोष्टींबद्दल मला इतक्या चटकन असं वाटलं आहे. त्याला वेळ लागला. तो सगळ्यांना कानांबद्दल सल्ले देई आणि खाली जाताना सगळ्यात आधी त्याचेच कान अडत. तेव्हापासून आमचं ठरून गेलं: मी पुढे, तो मागे.

ओमानच्या उत्तर टोकाला, आखाताच्या अरुंद तोंडाशी, डोंगर थेट समुद्रात उतरतात. झाड नाही, सावली नाही. कड्यावर शेळ्या दिसतात. त्या काय खातात हे मला अजून उमगलेलं नाही. दोन बाजूंचं पाणी त्या चिंचोळ्या वाटेने जा-ये करतं, म्हणून तिथे प्रत्येक टोकाला ओढ असते. आणि त्या ओढीमुळेच खाली इतकं काही जगतं. आम्ही तिथे बऱ्याच हिवाळ्यांत गेलो.

त्यातल्या एका बेटाजवळची गोष्ट मला सांगायची आहे. खडकाची भिंत उजव्या हाताला ठेवून पोहत गेलं की शेवटी एक खडक नाकासारखा पुढे येतो. त्याच्या पलीकडे पिवळ्या-जांभळ्या मऊ प्रवाळांनी गच्च भरलेली कपार आहे, असं जाऊन आलेले लोक सांगत. आम्ही ती पाहिली नाही. दर वेळी त्या नाकाच्या थोडं अलीकडे मागून आवाज येई: टण टण टण. त्याने जाकिटाला दोरीने आमच्या स्वयंपाकघरातला स्टीलचा चमचा बांधलेला असे. इतरांकडे महागाच्या शिट्ट्या आणि भोंगे होते. हा चमच्याने पाठीवरचा हवेचा सिलिंडर वाजवी. मी वळून पाही तर त्याचा अंगठा वर. पाण्याखाली त्याचा अर्थ एकच: वर चला, डाइव्ह संपली.

डायव्हिंगमध्ये एक नियम आहे. जोडीतला कुणीही, कधीही, डाइव्ह थांबवू शकतो आणि त्याला कारण विचारायचं नाही. पाण्यात नाही, बोटीवर नाही. घरी साखर संपली तरी ती का संपली यावर आमची चर्चा होई, पण हा नियम आम्ही पाळला. तो टॉवेलने डोकं पुसत इतकंच म्हणे, "आज पुरे." आणि मी मनातल्या मनात त्या खडकाच्या पलीकडे जाऊन येई.

मागच्या वर्षी मार्चमध्ये तो गेला, झोपेत. त्याला विचारायचं असं माझं काहीच राहिलं नव्हतं. फक्त एवढं एक होतं: दर वेळी तिथेच का थांबायचं? आणि मला ती कपार पाहायची होती. शोकात माणसाला काय हवंसं वाटेल ते सांगता येत नाही. मला ते हवं होतं.

"वहिनी, वर्ष तरी होऊ द्या," महाराष्ट्र मंडळातल्या एका डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"वर्षाने माझे गुडघे वर्षाने म्हातारे होतील," मी म्हटलं. त्या हसल्या आणि मला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा देऊन गेल्या.

पण एकटीला कुणी पाण्यात सोडत नाही. जोडीदार लागतो, डायव्हिंगच्या भाषेत बडी. मुलगा इथेच जन्मला, बेसिंगस्टोकला कॉम्प्युटरचं काम करतो, पाण्याची त्याला विशेष आवड नाही. एका शनिवारी तो नुसताच आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "आई, मी कोर्स बुक केला. त्याच क्वॉरीमध्ये. बाबाची जागा नाही घेत मी. जस्ट, तू अनोळखी माणसाबरोबर जायला नको."

"थंडीत?"

"फेब्रुवारी. स्वस्त होता."

त्याने ते पूर्ण केलं. एकदा ओठ निळे करून घरी आला आणि म्हणाला, "त्या बसचं तिकीट फार महाग आहे, आई."

नोव्हेंबरात आम्ही ओमानला गेलो. बोटीवरच्या गाइडने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, "तुमच्यात कॅप्टन कोण?"

"मी नाही," लेक म्हणाला. "मी सामान उचलतो."

पहिले तीन दिवस सोप्या उपसागरांत गेले. नवख्याला पुढे ठेवायचं असतं, म्हणजे तो डोळ्यांसमोर राहतो. त्यामुळे इतक्या वर्षांत प्रथमच मी मागे होते. त्याचे लांब पाय, गरजेपेक्षा जास्त हलणाऱ्या फिन्स, दर थोड्या वेळाने वळून बघणं. चौथ्या दिवशी त्याचा श्वास संथ झाला आणि मी गाइडला त्या बेटाबद्दल विचारलं. तो म्हणाला, "भरती थांबायच्या वेळेला नेतो. खडकाच्या नाकापर्यंत जा. पुढचं तिथे गेल्यावर तुम्ही ठरवा."

पाणी त्या दिवशी पन्ह्यासारखं हिरवट होतं, पण शांत. भिंत उजव्या हाताला. लेक पुढे, मी त्याच्या जरा मागे आणि वर. एका कपारीतून सापासारखा लांब मोरे मासा तोंड उघडून बघत होता; लेकाने त्याला नमस्कार केल्यासारखं काहीतरी केलं. मला फार बरं वाटत होतं. हवा भरपूर होती, वेळ भरपूर होता, ओढ जाणवत नव्हती. समोर ते नाक दिसू लागलं. आज जायचं, मी ठरवलं.

लेकाने श्वास सोडला आणि मी सहज त्याचे बुडबुडे पाहिले. ते त्याच्या डोक्यावरून वर गेले, नेहमीसारखे, चकचकीत. मग पुढे झुकले. पुढच्या श्वासाचे अधिक झुकले. आणि खडकाच्या नाकाशी पोचल्यावर ते क्षणभर थबकले, गोल फिरले आणि खाली गेले. बुडबुडे खाली जाताना मी तोपर्यंत पाहिले नव्हते. त्याचा अर्थ मला ठाऊक होता: नाकाच्या पलीकडे पाणी खोल समुद्राकडे कोसळत होतं, आणि बुडबुड्यांना नेणारं पाणी माणसालाही नेतं.

लेकाला काही दिसत नव्हतं. दिसणारच नाही. पुढच्या माणसाची नजर भिंतीवर असते. त्याचे स्वतःचे बुडबुडे त्याच्या डोक्यावरून निघून जातात. ते फक्त मागच्याला दिसतात.

चमचा मी माझ्या जाकिटाला बांधून आणला होता, वाजवायचा म्हणून नव्हे. तो मी वाजवला. टण टण टण. लेक वळला. मी अंगठा वर केला. त्याने तळहात उलटा करून विचारलं, का? कपार त्याच्या खांद्यामागे होती, दहा-बारा हातांवर. मी पुन्हा अंगठा वर केला आणि तो माझ्याकडे परत येईपर्यंत तसाच धरून ठेवला.

बोटीवर त्याने मास्क काढला आणि गरमच झाला. "आई, माझी हवा होती. मी ओके होतो. तुला इतकं बघायचं होतं ते!"

"आज पुरे," मी म्हटलं.

हे शब्द त्याने लहानपणापासून ऐकले होते, रविवारी दुपारी क्रिकेट खेळताना, दुसऱ्या आवाजात. मग मी आमची रीत मोडली आणि त्याला बुडबुड्यांचं सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे बाबा हेच बघत होता?"

"दर वेळी हेच असेल असं नाही. पण तो बघत होता."

संध्याकाळी मी हॉटेलच्या गच्चीवर बराच वेळ पुस्तक उघडून बसले होते आणि पान उलटत नव्हते. मला वाईट वाटत नव्हतं. मी इतकी वर्षं मागे वळून न बघता निर्धास्त पोहत होते, ते कशाच्या जोरावर, हे मला आता नीट कळलं होतं.

शेवटच्या दिवशी सोप्या उपसागरात जाताना मी चमचा सोडवून लेकाच्या जाकिटाला बांधला. "आज मी पुढे."

"आणि मी काय बघू?"

"मला."

मी पुढे निघाले. छान पाणी होतं. एक मोठा पाकट मासा वाळूवरून उठून गेला. अर्ध्या वाटेवर मागून टण टण टण झालं. वळून पाहिलं तर त्याचा अंगठा वर. मी मान वर करून माझे बुडबुडे पाहिले. ते सरळ वर चालले होते. ओढ नव्हती, हवा होती, कुठेच काही बिघडलेलं मला दिसत नव्हतं. मी अंगठा वर करून उत्तर दिलं आणि त्याच्याबरोबर वर निघाले.

बोटीवर गाइडने विचारलं, काही अडचण? मी नाही म्हटलं. लेक टॉवेल पांघरून माझ्याशेजारी येऊन बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "तू विचारणार नाहीस?"

"नाही."

"मी सांगितलं तर चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. "आधी चहा घे."