टार्गेटवरचं कुंकू

एका जागी बसणं मला जमत नाही. पायाला भिंगरी लावूनच जन्माला आली, असं आई म्हणायची. त्या खंडेनवमीला तर मी सकाळपासून लालबागच्या आमच्या गाळ्यात नुसत्या येरझाऱ्या घालत होते. टेबलावर चांदीच्या मिश्रधातूची एक तबकडी होती, नाश्त्याच्या बशीएवढी, आणि संध्याकाळी गिऱ्हाइकाचा माणूस ती न्यायला येणार होता.

आमच्या धंद्यात हिला टार्गेट म्हणतात. काचेवर चांदीचा अगदी पातळ थर चढवायचा असला की हवा काढून घेतलेल्या बंद भांड्यात हिला बसवतात आणि तिच्यावर वायूच्या कणांचा मारा करतात. मग तिचेच कण उडतात आणि समोरच्या काचेवर जाऊन बसतात. अट एकच, तबकडीला उघडं बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकटपणासुद्धा थर बिघडवतो. चांगली नोकरी सोडून अशी टार्गेटं बनवायला मी हा गाळा घेतला होता आणि ही पहिली मोठी ऑर्डर होती. माल नापास होऊन परत आला, तर गाळ्याला टाळं आणि मी पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली, हे मला उघड्या डोळ्यांनी दिसत होतं.

दुपारी बाबा आले. ते गिरणीत जॉबर होते, माग चालवणाऱ्यांचे मुकादम. गिरणी गेली, तिच्या जागी काचांचा टॉवर उभा राहिला, पण खंडेनवमीला हत्यारं पुजायची त्यांची सवय गेली नाही. काळाचौकीच्या आमच्या घरून चालत आले होते, हातात पूजेचं तबक, पिशवीत झेंडूचे हार. मी त्यांना बसायला सांगितलं आणि बाहेर जाऊन गिऱ्हाइकाच्या माणसाशी फोनवर हुज्जत घालत बसले, कारण तो संध्याकाळच्या ऐवजी आत्ताच येतो म्हणत होता.

परत आले तर धातू कापायच्या लेथला हार, मोजपट्टीवर फूल, चहाच्या शेगडीलाही हळदीचं बोट. आणि तबकडीच्या बरोबर मध्यावर हळद, कुंकू आणि वर चार अक्षता.

तोंडाशी आलं होतं ते सणासुदीला बापाला ऐकवण्यासारखं नव्हतं. माझ्या चेहऱ्यावरून बाबांना कळलं. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा एवढंच सांगितलं की ही तबकडी आज गिऱ्हाइकाकडे जायची आहे.

ते तबक खाली ठेवून स्टुलावर बसले. "म्हंजे ह्यो माल? माका वाटला, ह्या तुजा हत्यार. आमी मागाक कुंकू लावत होतो गो. कापडाक कधीच नाय."

त्यांचंही काय चुकलं? बाकी सगळं तेलकट, कळकट, आणि ही तेवढी स्वच्छ कापडावर एकटी चमकत बसलेली. गाळ्यातला देव हाच, असं कुणालाही वाटलं असतं. पण हा जन्मभर कापडाला डाग पडू नये म्हणून माणसांच्या अंगावर ओरडलेला जॉबर. मला राग येत होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

कुंकू पुसलं, पण लेथने उमटवलेल्या बारीक रेघांत त्याचे कण अडकले होते. वरून केसाएवढा थर कापून काढायचा, हा एकच उपाय होता. जाडीत तेवढीच सवलत शिल्लक होती. हात जरा जड पडला असता तर तबकडी बाद. आणि लेथला तर हार घातलेला. पुजलेलं यंत्र त्या दिवशी चालवत नाहीत, हे मला बाबांनीच लहानपणी शिकवलेलं. मी बटणाजवळ जाऊन मागे फिरायचे, पुन्हा जायचे.

बाबा उठले. त्यांनी स्वतःच्या हाताने हार उतरवला, कपाळाला लावला आणि पिशवीत ठेवला.

"चालव," ते म्हणाले. "पाप माज्यावर."

मी लेथ चालवला. ते बाजूला हात जोडून उभे होते, देवाला की मशीनला कोण जाणे. जाडी मापात बसली. हातमोजे घालून तबकडी धुतली, सुकवली, पिशवीत सीलबंद केली. गिऱ्हाइकाचा माणूस ती घेऊन गेला, तरी मला चैन पडेना. पुढचे काही दिवस घरात कुणाचा फोन वाजला तरी मी दचकायचे. बाबा काही विचारायचे नाहीत, पण संध्याकाळी मी दारात आले की आधी माझा चेहरा बघायचे आणि मग जेवायला बसायचे.

शेवटी गिऱ्हाइकाचा फोन आला. थर एकसारखा चढला होता, आणखी टार्गेटं हवी होती. बाबांना सांगितलं तर ते "बरा झाला" म्हणाले आणि उठून गॅलरीत गेले.

वापरून झालेली टार्गेटं आमच्याकडे परत येतात, उरलेली चांदी वितळवून घेण्यासाठी. ते कुंकवाचं टार्गेटही आलं. मारा मधला भाग सोडून कड्यासारखा गोल होतो, त्यामुळे भोवती खोल चर पडला होता आणि मध्यावर मात्र धातू जवळपास तसाच राहिला होता.

यंदा खंडेनवमीला बाबा तबक घेऊन आले ते उंबऱ्यातच थांबले. "माल खयचो आणि हत्यार खयचा, ता आदी सांग." मी ती झिजलेली तबकडी त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, हिचं काम झालं, आता भट्टीत जाईल. त्यांनी चरावरून अंगठा फिरवला आणि मध्यावर आणून थांबवला.

"हयसरच लावलंय ना मी?"

मी हो म्हटलं. त्यांनी तिथेच कुंकवाचं बोट टेकवलं आणि मग लेथला हार घातला. एक ऑर्डर त्याही दिवशी अडली होती, गिऱ्हाइकाचे फोन येत होते. मी उद्या देते म्हणून सांगितलं, फोन उलटा ठेवला आणि बाबांशेजारी स्टूल ओढून बसून राहिले.