रिक्षावर फवारणी

हदगावातला हा फवारणीच्या औषधांचा दुकानदार बोलायला लागला की गिऱ्हाईक काय घ्यायला आलो तेच विसरायचं. परवा मी दुकानात असताना आमच्या दोघांच्या ओळखीचा रिक्षावाला आला. धंदा बसल्यापासून तो सकाळीच प्यायचा. खाली मान घालून त्यानं औषध मागितलं.

"तुला वावर न्हाई. रिक्षावर फवारून राहिला का?" दुकानदार म्हणाला.

रिक्षावाला रडायलाच लागला.

"जीव द्यायचा इचार हाय का?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"मग आधी चहा घे."

दुकानदारानं त्याला शेजारी बसवलं, मला त्याच्या भावाला फोन लावायची खूण केली आणि भाऊ येईपर्यंत स्वतःच्या मूळव्याधीची साग्रसंगीत कहाणी ऐकवली. रिक्षावाला शेवटी हसला. भाऊ त्याला दवाखान्यात घेऊन गेला.

"आज दुकान बंद. शटर तुम्हीच ओढा," दुकानदार मला म्हणाला. तो रिक्षावाल्याच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसला, उठलाच नाही.