फक्कीची रेघ

"मॅडम, तुमीबी या लेटवाल्याईच्या रांगेत."

मुख्याध्यापक माइकवरून बोलले. प्रार्थना संपली होती, सगळी शाळा मैदानात उभी. मी फाटकातून नुकतीच आत आले होते, खांद्यावर पर्स, हातात डबा. वाटलं, गंमत करतायत. ते पुढे म्हणाले, "सवलतीवर लागलेल्या लोकाईले घड्याळ पाहाची सवय नसते."

शिक्षकांत कुणीतरी हसलं. मी गेले. हो, गेले. उशिरा येणाऱ्या पोरांसाठी चुन्याच्या फक्कीनं एक रेघ मारलेली असायची, तिथं सात-आठ पोरांसोबत उभी राहिले. एकोणचाळीस वर्षांची बाई.

अकोल्याहून अकोटच्या बसनं मी रोज येते. वडिलांचं अर्धं अंग गेलेलं. त्यांना पुसायचं, कपडे बदलायचे, दोन घास भरवायचे आणि निघायचं. त्या दिवशी त्यांनी अंथरूण दोनदा भिजवलं आणि बस गेली. हे माइकसमोर कसं सांगायचं? आणि काय म्हणून सांगायचं?

शेजारी माझ्याच सातवीच्या वर्गातली सपना होती. हळूच म्हणाली, "मॅडम, चप्पल रेघेच्या मांगं घ्या. नाहीतर सर अजून उभं ठेवतेत."

तिला त्या रेघेचे सगळे नियम पाठ होते. आणि तिला तिथं उभं कोण करत होतं? मी. वर्गशिक्षिका मी, उशिरा येणाऱ्यांची वही माझ्याकडे; त्यातली नावं वाचली की ती पोरं रेघेवर. चार महिने तिचं नाव त्यात लिहीत होते, माझ्या वळणदार अक्षरात. एकदाही विचारलं नव्हतं. सरांच्या बोलण्याचा राग आला होता. या पोरीनं मला सांभाळून घेतलं, तेव्हा लाज वाटली.

मधल्या सुट्टीत विचारलं, "काहून उशीर होते वं तुले?"

ती म्हणाली, "आईले मिरगी येते. सकाळीच येते. चुलीपाशी एकटी नाही सोडता येत. ती शुद्धीवर आली का मंग निघा लागते." डबा बंद करत म्हणाली, "दिवाळीपासून नाही येणार मी. रोज रोज कोण उभं राहीन."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सर म्हणाले, "मॅडम, नावं वाचा."

मी वही मिटलेलीच ठेवली. "सर, नावं लिहिली नाहीत. आधी विचारलं. कारणं तुमच्या खोलीत सांगते, इथं नाही."

"हे शाळा हाय का दवाखाना?"

मी वही उघडली नाही. दुपारी मेमो आला.

सोबतच्या बाई म्हणाल्या, "सरांचा तरणा पोरगा खोली बंद करून बसते घरी, म्हणून चिडतेत. समजून घ्या न."

समजून घेतलं. खोटं नाही सांगत, वाईटही वाटलं. पण समजून घ्यायचं काम दर वेळी आमच्याच वाट्याला का? सरांनी त्यांचं दुःख सांगावं, मी बसून ऐकेन. त्यापायी पोरांना मैदानात उभं करू नये.

थकले आहे मी. घरी वडील आहेत, बस आहे, दुसरा मेमोही येईल. दिवाळी होऊन गेली तरी सपना अजून उशिराच येते, पण येते. थेट वर्गात, आपल्या बाकावर. माझी बस चुकली तर अर्ध्या दिवसाची रजा लावा, मी सही करेन. त्या रेघेवर मी पुन्हा उभी राहणार नाही. आणि माझ्या हातानं तिथं एकही पोर उभं होणार नाही.