थंड कढी

आज डबे पुसताना कोकमाची पुडी फुटली. त्या आंबट वासासरशी मी रत्नागिरीच्या बंदराजवळच्या खानावळीत जाऊन बसले. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. नवऱ्याच्या मित्राची बायको तिथलीच. ती आम्हाला खाण्याची ठिकाणं दाखवत होती. ठिकाणांची यादी मी पांढुर्ण्याहूनच करून नेली होती.

तळलेल्या सुरमईसोबत गुलाबी कढी आली, अगदी थंड. आमच्याकडे कढी वाफाळतीच वाढतात. मी तिला हळूच विचारलं, "गरम करून देतील काय?"

"सांगून बघा की, वहिनी."

मी वाढप्याला सांगितलं. तशी ती टाळी वाजवत ओरडली, "ऐकलंत का? यांना सोलकढी गरम हवीय!" सगळी खानावळ हसली. यादीतली उरलेली ठिकाणं मी पाहिलीच नाहीत.

कितीतरी वर्षं मला ती माझीच चूक वाटली. आता वाटत नाही.

परवा ती पहिल्यांदाच आमच्याकडे येते आहे. बेत वडा-भाताचा. वडे भातात कुस्करून वर हिंगाचं गरम तेल घ्यायचं, हे तिला ठाऊक नसणार. शेजारच्या चौघींना जेवायला बोलावलंय आणि बजावलंय, "ते तेलाची वाटी आमटी समजून तोंडाले लावन, तवा कोणी बोलू नका."