गाऱ्हाण्यात राहिलेलं गाव

आईला अर्धांगाचा झटका आला आणि तिची वाचा गेली. हात हळूहळू हलू लागला, पण तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, तिच्या ओळखीचं काहीतरी बोलत राहा. आता त्या बोलल्या नाहीत तर पुढे कठीण आहे. खरं सांगते, मी देवावर रुसले होते.

आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर, तीही मराठी घेऊन. तेव्हा मामा हसला होता, "कविता खाऊन पोट भरतला काय गो?" भरलं. आज मी शाळेत कविता शिकवते आणि कवींविषयी मला फार आदर आहे. चांगला कवी 'मला एकटं वाटतं' असं सांगत बसत नाही. तो ओहोटीनंतरची रिकामी पुळण दाखवतो, नाहीतर मोठ्या शहरातली एखादी उजेडाची, अनोळखी खिडकी. तो फक्त जागा दाखवतो, आपलं मन आपणहून तिथे जाऊन बसतं. आईच्या उशाशी मी अशाच कविता वाचल्या. ती छताकडे बघत राहिली.

सोमवारी कुणकेश्वराच्या देवळात गेले. हातात नारळ होता, पण मागणं ओठांवर येईना. शेजारी एक म्हातारे उभे होते, ओळख ना पाळख. काय झालं विचारलं, मी सांगितलं. त्यांनी माझा नारळ घेऊन गाऱ्हाणं, म्हणजे आमच्याकडे देवाला मोठ्याने घालतात ते साकडं, घालायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. गाव कुठलं? वाडी कुठली? ओढ्याचा व्हाळ, खाडी, वरचा कातळाचा सडा? मी म्हटलं, एवढं कशाला? ते शांतपणे म्हणाले, "जागो सांगूक नाय, तर देव येतलो खंय?"

मी सांगत गेले, ते देवाला ऐकवत गेले, आजूबाजूची माणसं "व्हय म्हाराजा" म्हणत गेली. जन्मापासून ऐकलेलं गाऱ्हाणं त्या दिवशी मला पहिल्यांदा कविता म्हणून ऐकू आलं. अख्खा मुलूख देवापुढे मांडायचा, आणि त्यातच आपली काळजी येते. डोळे पुसून वळले तर ते गर्दीत निघून गेले होते.

आमच्याकडे बायका गाऱ्हाणं घालत नाहीत, मागे उभ्या राहून होय म्हणतात. तरी त्या दुपारी इस्पितळात आईच्या कानाशी मी घातलं. "बा देवा म्हाराजा, सड्यावरच्या, व्हाळातल्या, खाडीच्या तोंडावरच्या..." तिच्या लग्नानंतरची लालबागची चाळसुद्धा घेतली, जिथे ती दोन पावसाळे समुद्र न बघता राहिली होती. बाजूच्या खाटेवरची बाई हात जोडून म्हणाली, "व्हय म्हाराजा." मला वाटलं, गाऱ्हाणं पुरं झालं.

आईचे ओठ हलले. जड जिभेने ती म्हणाली, "गो... रेडी ऱ्हवली."

रेडी तिचं माहेर. सासरची प्रत्येक पाणंद घेतली आणि नेमकं तेच मी विसरले होते.

हे कसं घडलं, यावर मी वाद घालत नाही. औषधांचं श्रेय औषधांना. पण माझ्या शिकण्याचा आणि माझ्या आठवणीचा मला जो भरवसा होता, तो जिथे कमी पडला, तिथूनच देव आत आला. सगळं आपणच पुरं करायचं नसतं, एवढं कळलं.

आई आता तुटकतुटक बोलते. दर सोमवारी आम्ही घरातच गाऱ्हाणं घालतो. रेडीचं नाव मी घेत नाही. नारळावर हात ठेवून थांबते, आणि तिच्या तोंडून ते येईपर्यंत वाट बघते.