चुलीचा रविवार

फोन ऑफिसात आला तेव्हा मी जेवणाचा डबा नुकताच उघडला होता. "आई गेली," माझा नवरा विल्सन म्हणाला. मग थोडं थांबून, "सावकाश ये. धावपळ करू नकोस." डबा तसाच बंद करून निघाले. वटारला, आमच्या गावी, पोचले तोवर अंगणात गाव जमलं होतं. शेजारच्या सुलोचनाकाकी पायरीवर बसून होत्या. मला पाहून त्यांनी हात धरला आणि म्हणाल्या, "इजा गेली गं... आता सप्तमीचं ताट कोनाला देऊ?" वाटेत कुठेही न आलेलं रडू मला तिथे आलं. याला आता काही आठवडे होऊन गेले. येणारे-जाणारे पांगले, घर पुन्हा आपल्या कामाला लागलं. पण माझ्या सासूबाई, गावाच्या इजाबाय, कोण होत्या हे त्या ताटाची गोष्ट सांगितल्याशिवाय सांगता येणार नाही, म्हणून हे लिहायला बसले.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी मुंबईत वाढलेली, नोकरी फोर्टात. पहाटे घर सोडायचं आणि दिवेलागण झाल्यावर परतायचं. शनिवारी अर्धा दिवस असला तरी घरी येईस्तोवर ऊन उतरायचं. उरला रविवार. आमचं कॅथलिक घर रविवार पाळण्यात मोठं कडक. त्या दिवशी शेतात कोणी पाय ठेवायचा नाही, विहिरीवरची मोटार लावायची नाही, बैलांना जू नाही, मजुरांना सुट्टी. सासरे पास्कूबाबा इस्त्रीचा सदरा घालून चर्चमधल्या मोठ्या मिस्सेला जात आणि परतल्यावर पडवीतल्या आरामखुर्चीत ऐसपैस बसत. ते बसले की बायकांनी उभं राहायचं. मटण, पाहुणेरावळे, आठवड्याचे कपडे, आणि तांदळाच्या भाकऱ्या, त्याही तव्यावरून थेट ताटात, कारण बाबांना गार भाकरी चालत नसे. मी आणि आई, म्हणजे सासूबाई, पहाटेची पहिली मिस्सा करून जवळजवळ पळतच घरी यायचो. खरं सांगते, मी सोमवारची वाट बघायचे. ऑफिसात निदान बसायला खुर्ची होती.

अशाच एका रविवारी मी प्रवचनात झोपले. साधी डुलकी नव्हे, शेजारणीच्या खांद्यावर डोकं टाकून चांगली गाढ झोप. चर्चच्या बाहेर विल्सनच्या मोनीआत्याने सगळ्यांसमोर विचारलं, "सुनेला घरी बिछाना नाय देत काय गं?" बायका हसल्या. आई मला घेऊन निघाल्या. वाटेत त्यांनी मला विचारलं, "काय बोलले आज फादर?" आता बोलणी खावी लागणार म्हणून मान खाली घालून चालत राहिले. तर त्याच म्हणाल्या, "तू झोपलेलीस, म्हनून तुला ठाव नाय. मी टक्क जागी होते, पन माला पन ठाव नाय. मटनाला मीठ लावलं का नाय लावलं, तेच चाललेलं डोक्यात." थोडं पुढे गेल्यावर, जणू स्वतःशीच, "जल्मभर मिस्सा केल्या गं... पन मी आपली चुलीजवळच." त्या घरात माझ्या दमण्याकडे कोणाचं लक्ष आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मग श्रावण आला आणि सुलोचनाकाकींचं ताट आलं. काकींचं घर वाडीवालं, केळी आणि भाज्यांचं. शीतला सप्तमीला त्यांच्याकडे चूल पेटवत नाहीत. आदल्या दिवशी रांधून ठेवायचं, चूल सारवून, हळदकुंकू वाहून तिला निजवायची, आणि सप्तमीला सगळ्यांनी गारच जेवायचं. त्यातलं एक ताट दरवर्षी कुंपणावरून आमच्याकडे. पुऱ्या, दहीभात, अळूवड्या. बाबांनी ते आडवा हात मारून संपवलं आणि वर म्हणाले, "सुलूच्या हाताला चव हाय." आई दाराशी उभ्या राहून बघत होत्या. त्या अशा बघत राहिल्या की त्यांच्या डोक्यात काहीतरी शिजत असे.

त्याच शनिवारी त्यांनी डुकराचं इंद्याल केलं. शिरक्यातलं हे कालवण दुसऱ्या दिवशी मुरतं आणि जास्तच चांगलं लागतं. भाकऱ्या भाजून फडक्यात गुंडाळल्या, संध्याकाळी ओटा पुसला आणि गॅसचा रेग्युलेटर बंद केला. दुसऱ्या दिवशी मिस्सेहून आल्यावर बाबांनी भाकरीला हात लावला नि काढून घेतला.

"ही गार हाय."

"हाय," आई म्हणाल्या.

"मंग गरम कर."

"बैलाला रविवार हाय, मोटारीला रविवार हाय. चुलीनंच काय पाप केलंय?"

बाबा म्हणाले, आपण काय सप्तमी पाळतो का, त्यांचा धर्म वेगळा, आपला वेगळा. आईंचा आवाज चढला नाही. "धर्म वेगळा असल. दमनाऱ्या बाया त्याच हायत. आनि सुलूचं शिळं बोटं चाटून खाल्लंत ना? तिचं गोड आनि माझं कडू?" विल्सन ताटात बघून हसत होता, मी पदर तोंडाला लावला. बाबा त्या दिवशी दोन केळी खाऊन रुसून बसले. पुढच्या रविवारी जेवले, पण न बोलता. चहाचा प्रश्न आईंनीच सोडवला. चहा म्हणजे सैपाक नाय, सबब गॅस पेटवायला हरकत नाही, पण ज्याला हवा त्याने स्वतः करायचा. पोपनेही इतक्या ठामपणे हुकूम काढला नसता. बाबांनी काही रविवार बिनचहाचे काढले आणि मग एके दिवशी दूध उतू घालवून का होईना, स्वतःचा कप भरून बाहेर आले.

गंमत म्हणजे, आईंना विसावा घेताच येत नव्हता. दुपारी पडवीत आम्ही दोघी बसलो की त्यांचे हात काम शोधायचे. गवताच्या काड्या वेच, लुगड्याचा दोरा तोड, तांदूळ निवडायला घे. मी सूप काढून घेतलं की म्हणायच्या, "हातांना काय सांगू?" कित्येक महिन्यांनी त्यांचे हात मांडीवर स्वस्थ पडले. संध्याकाळच्या रोझरीच्या प्रार्थनेत त्यांचा डोळा लागायचा, आणि कोणीही त्यांना उठवत नसे. प्रवचन मात्र आता शब्दन्‌शब्द ऐकून येत आणि वाटभर फादरांशी भांडत. एकदा फादर विश्रांतीच्या दिवसावर बोलले, तर बाहेर आल्यावर पहिलं वाक्य, "बोलतात बरं. आज त्यांचा सैपाक कोन करते?" हे त्यांनी पुढच्या आठवड्यात फादरांनाही विचारलं. फादर बिचारे चष्मा पुसत बसले.

रविवार काही फुकट मिळत नव्हता. आई तो शनिवारी कमवायच्या, दोन दिवसांचं एका दिवसात रांधून, मी ऑफिसात असताना. मी तसं म्हटलं की उडवून लावायच्या. "शनवारी मी माझ्या मनानं करते. रविवारी दुसऱ्याच्या मनानं करीत होते." यातला फरक मला तेव्हा नीटसा कळला नव्हता.

कसोटी लागली ती माझी नणंद लीना हिला बघायला पाहुणे येणार होते तेव्हा. येणार अर्थात रविवारी, कारण सगळे मोकळे त्याच दिवशी. मोनीआत्या शनिवारी सकाळपासून ठाण मांडून बसली होती. पाहुण्यांपुढे गार भाकरी ठेवणार? पोरीला घरात ठेवायची आहे काय? आईंचा धीर सुटला. रविवारी मिस्सेहून येताच त्या गॅसशी गेल्या आणि रेग्युलेटरवर हात ठेवला. "पोरीचं नशीब हाय," मला म्हणाल्या. "माझ्या हट्टापायी नको." लीनाने मागून त्यांचा हात धरला. "आई, लग्न झालं की मला जल्मभर भाकऱ्याच भाजायच्यात. आज नको." दोघी तिथेच उभ्या राहिल्या... आणि रेग्युलेटर तसाच राहिला.

पाहुणे आले. चहा बाबांनी आणला, ट्रे घेऊन, कपबश्या खणखणत. मुलाची आई पाणी प्यायला आत आली. पुसलेला ओटा, थंड शेगड्या, कुठे फोडणीचा वास नाही, आणि चहा पुरुषमाणूस करतोय... तिचा चेहरा उतरला. आईंच्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "कोन गेलंय काय गं घरात? आमी परत येतो मंग." आई क्षणभर गोंधळल्या, मग खो खो हसत सुटल्या. "कोन नाय गेलं, बाय. आज रविवार हाय!" हे ऐकून ती बाई कितीतरी वेळ त्या ओट्याकडे बघत राहिली. लग्न जमलं. लीनाला सासरी कित्येक वर्षं 'शिळ्या घरची' म्हणून चिडवत. तिच्या सासरची चूल काही निजली नाही, पण रविवारच्या भाकऱ्या तिची सासू स्वतः तिच्याबरोबर बसून भाजायची.

पुढे शेताच्या कडेने इमारती उठल्या, बैल गेले, मोटारीला पाणी पुरेना. विल्सनला रविवारच्या ड्युट्या लागू लागल्या, माझ्या मुलींना क्लास. मला वाटलं, आता आई चिडणार. त्या चिडल्या नाहीत. जे चुकेल ते चुकू द्यायच्या, पण मिस्सा आणि येईल त्याच्याबरोबर जेवायला बसणं सोडलं नाही, भले ताट चार वेळा मांडावं लागो. एका पावसाळ्यात मुलींनी चिंचोटीच्या धबधब्याचा हट्ट धरला, तर मिस्सेनंतर त्यांनीच इंद्याल आणि भाकऱ्यांची पुरचुंडी बांधून दिली. "शिळंच परवासाला बरं," म्हणाल्या आणि बाबांकडे बघून डोळे मिचकावले.

शेवटच्या महिन्यांत त्यांना उभं राहवत नव्हतं. लीना शनिवारी सासरहून डबा पाठवायची. आई पलंगावरून विचारत, "गॅस बंद केला?" आणि केला म्हटलं की डोळे मिटत. मला त्यांची आठवण येते ती बहुतेक अशीच, पडल्या पडल्या घराला सुट्टी देणारी. त्यांच्याइतकं माझ्यावर या घरात कोणी प्रेम केलं नाही, आणि त्यांनी ते कधी तोंडाने म्हटलंही नाही.

दफनानंतरचा पहिला रविवार शेजाऱ्यांच्या डब्यांवर गेला. दुसऱ्या शनिवारी मी ऑफिसातून परतत होते. उद्याची पहिली मिस्सा, मग मटण, मग भाकऱ्या, असं मनात आपोआप लागत होतं. लीना किती दिवस डबे पाठवणार? बाबाही आता थकलेत, त्यांना गरमच द्यावं. रविवार राखणारं माणूस गेलं, आता तो गेलाच, असं मी धरून चालले होते. स्वयंपाकघरात पाय ठेवला तर बाबा पाटावर बसलेले. पुढ्यात वर्तमानपत्र, त्यावर लसणाचा ढीग, अर्ध्या पाकळ्या नखांनी चिरडलेल्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "लसून किती घालते ती?"

मी उभीच राहिले. मला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांच्या त्या सगळ्या शनिवारी मी घरात नव्हते. "मलाही नाही माहीत, बाबा."

"मंग घालू अंदाजानं," ते म्हणाले आणि पुढची पाकळी उचलली. मी पर्स ठेवली आणि त्यांच्या समोर बसून सोलायला लागले.

इंद्यालात शिरका जास्त झाला होता. रविवारी मिस्सेहून आल्यावर ताटं घेतली तेव्हा पहिल्याच घासाला मुलींनी तोंडं वाकडी केली. बाबा खाली बघून जेवत होते. भाकरी वातड झालेली, त्यांना ती चावत नव्हती. मला ते बघवेना. मी उठले, रेग्युलेटरकडे हात नेला. "बाबा, भाकरी तेवढी गरम करून देते."

बाबांनी माझी खुर्ची पायाने पुढे सरकवली.

"बस तू."