पीक उभे आहे

नाना गेल्याची बातमी मला धुळ्याच्या एस.टी. स्टँडवर कळली, आणि सांगणारा कोण, तर कारखान्याचा मुकादम! "चांगला माणूस होता हो," म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच माणसाने नानांना 'वेडा म्हातारा' म्हणून गेटवरून हाकलून दिलं होतं. महिना उलटला तरी माझा राग उतरत नाही, आणि खरं सांगायचं तर तो एकट्या मुकादमावर नाही...

मी नानांच्या गावचा तलाठी. गावाच्या वरच्या अंगाला भांड्यांना मुलामा चढवणारा कारखाना निघाला आणि त्याचं हिरवट-निळं पाणी नाल्यातून नानांच्या दोन एकरांत शिरू लागलं. ज्वारी वीतभर वाढायची, पिवळी पडायची, मरायची. मातीत धातू उतरलेत, जमीन सोडून द्या, असं शेतीखात्याच्या माणसाने सांगितलं. नानांनी सोडली नाही. सावद्याकडच्या ट्रकवाल्यांना गाठून केळीची टाकून दिलेली खोडं आणवली, ती शेण, निंबाचा पाला आणि चुन्याबरोबर कुजवली आणि नाल्याकाठच्या एका पट्ट्यात वर्षानुवर्षं घातली. पाट्या वाहून वाहून अक्का, म्हणजे त्यांची बायको, कंबरेत वाकल्या. गाव हसत होतं. चौथ्या वर्षी त्या पट्ट्यात ज्वारी छातीला लागली!

नाना मात्र हुरळले नाहीत. "जहर गयं नही, भाऊ," मला म्हणाले, "खतनी नुसतं धरी ठेयेल शे. खत बंद करं का परत सुटस." एका कोपऱ्यात त्यांनी खत थांबवून पाहिलं होतं, तिथली ताटं पुन्हा पिवळी पडली होती. म्हणून पाणीच बंद करा, असा त्यांनी अर्ज केला. पुढच्या वर्षी तालुक्याहून साहेब पंचनाम्याला आले, आणि इथे नाना चुकले. आपल्या खान्देशातलाच माणूस अशी चूक करील. दारी पाहुणा आला की आधी चांगलं ते दाखवायचं! नाल्यापासून लांबच्या विहिरीवरच्या वांग्यांचं भरीत, कळण्याची भाकरी, आणि जेवण झाल्यावर साहेबांना नेलं कुठे, तर त्या हिरव्या पट्ट्यात. उरलेलं उजाड रान बघायला साहेबांना ऊन लागत होतं.

"एवढं झकास पीक, आणि तक्रार कसली?" साहेब हसले. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: पीक उभे आहे, नुकसान दिसून येत नाही. नवरा-बायकोने रक्त आटवून जे उभं केलं, तेच कारखान्याच्या बाजूने साक्षीला उभं राहिलं. मला सगळं ठाऊक होतं, तरी माझा हात थांबला नाही. नोकरी प्यारी होती, दुसरं काही कारण नाही. कागद पुढे केला तेव्हा नाना म्हणाले, "तुम्हनाच हातनं लिखेल शे ना, भाऊ? मंग काय वाचानं?" आणि सही केली.

अर्ज निकाली निघाला. पाणी येतच राहिलं. नानांनी मला कधी एका शब्दाने विचारलं नाही. अहो, चार शिव्या तरी घालायच्या होत्या! रोज भेटले की तोच चहा, तीच चौकशी... याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

परवा अक्कांकडे गेलो. मागच्या पडवीत सात-आठ मडकी मांडलेली. शेतातल्या मातीत वेगवेगळं खत घालून नाना त्यांत मेथी पेरून बघत. सगळी हिरवी होती, एक रिकामं. त्यात नुसती उजाड रानातली, बिनखताची माती. अक्का त्यालाही पाणी घालत होत्या.

"अक्का, यात काही उगवणार नाही."

"माले माहीत शे," त्या म्हणाल्या. "तुम्हना नाना सांगी गयात, आते साहेब उना का पहिले हाई दखाडजो." मग त्यांनी ते मडकं उचलून माझ्यापुढे ठेवलं. "साहेब काय येस नही. तुम्हीन तरी दखा."

ते मडकं आता चावडीत माझ्या टेबलावर आहे. साहेबांनी दोनदा हलवायला सांगितलं. हलवणार नाही. काय करायचं ते करा.